शकू, तू नाकारलेली वर्गणी

शकू,

तू गेल्याचं मला एसटीच्या थांब्यावर कळलं. म्हसळ्याला चष्मा आणायला निघाले होते. समोरून आपली आशाताई घाईघाईनं आली आणि म्हणाली, "बाई, सिस्टरकडेच निघालात ना? चला, मी पण येते." मी म्हणाले, "हो, तिकडेच." काय झालंय ते मला माहीत नव्हतं. तिचे रडून सुजलेले डोळे आणि पिशवीतून बाहेर आलेली पांढरी फुलं बघून चार पावलं चालल्यावर समजलं. तरीही मी तिला सांगितलं नाही की मला आत्ताच कळतंय. तुझी एवढी जुनी मैत्रीण, आणि तिला बाहेरून कळावं, हे आशाताईला कळू नये असं वाटलं. तू जाऊन दोन तास झाले नव्हते आणि मी स्वतःची अब्रू सांभाळत होते.

बुद्धवाडीत तुझ्या दारात माणसं मावत नव्हती. मला बघून लोक बाजूला झाले. "बाईंना पुढे जाऊ द्या. मैत्रीण त्या सिस्टरच्या." मी पुढे गेले नाही. अंगणातल्या नारळाला टेकून उभी राहिले. तुझ्या नवऱ्यानं, यशवंतभावजींनी मला पाहिलं, जवळ आले, म्हणाले, "विमलताई, आलात." एवढंच. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आपण तीन वर्षं बोललो नाही, शकू. एका गावात राहून. आणि त्याआधी एकोणतीस वर्षं आपण बोलत होतो.

मी या शाळेत नवीन बाई म्हणून आले तेव्हा तू उपकेंद्राची नर्स होतीस. पहिल्याच लसीकरणाला माझी अर्धी पोरं खिडकीतून उड्या टाकून पळाली. मी दारात हात पसरून उभी, आणि तू सुई हातात धरून माझ्यावर ओरडलीस, "अहो बाई, दार अडवून काय उपयोग? खिडक्या कोण लावणार?" मला राग आला होता. मधल्या सुट्टीत तू तुझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी माझ्या पोळीवर न विचारता वाढलीस आणि म्हणालीस, "तोंड पाडून नका बसू. तुमची पोरं चपळ हाईत, चांगलंच हाय की." तेव्हापासून आपली गाडी सुरू झाली. पोलिओच्या फेऱ्या, जनगणना, मतदार याद्या, सगळीकडे आपण दोघी. डोंगरावरच्या वाडीवर चढताना तू पुढे, मी धापा टाकत मागे. तुझी बडबड चालूच असायची. माझं वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीस कधी. त्या गोष्टीचा मला किती वैताग यायचा, आणि आता बघ, सगळी वाक्यं माझीच.

एकदा वाडीवरून उतरत होतो. प्रचाराची जीप आपल्या अंगावर धूळ उडवत गेली. मी झेंडा बघून म्हणाले, "हे आपलेच दिसतात." तू पदरानं तोंड पुसत म्हणालीस, "विमल, झेंडा काय बघतेस? त्या जीपमध्ये डिझेल कोण घालतो ते बघ. निवडून आला की तो त्याच्याच दारात रस्ता नेणार." आणि मग पायवाटेवर उभं राहून तू मला तुझा सिद्धान्त सांगितलास. एका माणसानं लाख दिले तर उमेदवार त्याचा. लाख माणसांनी एकेक दिला तर सगळ्यांचा. सरकारनं दिले तर आणखी चांगलं, पण ते काही आपल्या हयातीत होत नाही. म्हणून लोकांनी द्यावं. मी हे त्याआधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. पुढं मी ते ठिकठिकाणी बोलले. बचत गटात, शाळेच्या कार्यक्रमात. हळूहळू लोकांना ते माझंच वाटायला लागलं. मलाही.

आपण दोघी निवृत्त झालो आणि थेट सरपंचपद महिलेसाठी निघालं, खुल्या प्रवर्गातून. तुला उभं राहायचं नव्हतं. मी तुझ्या मागे लागले. "कोण निवडून देणार मला? बुद्धवाडीची बाई खुल्या जागेवर उभी राहिली तर आधी तुमच्या आळीतच पोटात दुखेल," तू म्हणालीस. मी म्हणाले, "निम्म्या गावाची बाळंतपणं तू केलीस. कुणाची हिंमत आहे?" तू हसलीस. "बाळंतपण येगळं, विमल. मत येगळं." पण शेवटी अर्ज भरलास. आणि मी जाहीर केलं की आपण एका पैशालाही कुणा धनिकाच्या दारात जाणार नाही, वर्गणीवर निवडणूक लढवू. ते काम मी माझ्याकडे घेतलं. मी बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष. सगळे गट माझ्या हाताखालचे.

बऱ्याच जणींनी हसत दिलं, ते खोटं नाही. कोळीवाड्यातल्या बायांनी तर टोपल्या खाली ठेवून तिथंच कमरेच्या पिशव्या सोडल्या. पण वाडीवरून काही येईना. आणि मला सगळीकडून यायला हवं होतं. एकही घर सुटता कामा नये, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. सभेत उभं राहून सांगायचं होतं मला, की बघा, एकही घर सुटलं नाही. म्हणून गटांच्या बैठकीत मी बोलले. शब्द अजून आठवतात. "सिस्टरसाठी ज्यांना काही द्यायचं नाही, त्यांनी उद्या कर्जाच्या अर्जावर सहीसाठी माझ्याकडे येऊ नये." आणि वर हसले. बाया पण हसल्या. मी स्वतःला सांगितलं की ही गंमत होती. दुसऱ्या दिवसापासून वाडीवरून वर्गणी यायला लागली.

यमुना तुझ्याकडे आली हे मला तूच सांगितलंस. वाडीवरची यमुना, मजुरीला जाते, नवरा नाही, मुलीच्या शिवणयंत्रासाठी तिला गटाचं कर्ज हवं होतं. तिनं अंडी घालणाऱ्या दोन कोंबड्या म्हसळ्याच्या बाजारात विकल्या आणि वर्गणी देऊन परत जाताना तुझ्या दारात थांबली. तुला विचारलं, "सिस्टर, दिलं मी. आता बाय सही करतील ना माझी?"

त्या दिवशी तू माझ्या घरी आलीस. मी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या करत होते. तू ओटीवर थांबली नाहीस. चपला काढल्यास आणि सरळ स्वयंपाकघरात आलीस. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवलास, शकू. सासूबाई होत्या तोवर प्रश्नच नव्हता, पण त्या जाऊनही बारा वर्षं झाली होती. मी तुला कधी "आत ये" म्हटलं नव्हतं, आणि तू कधी आली नव्हतीस. आपण दोघींनी ते न बोलता चालवून घेतलं. मी चालवून घेतलं म्हणते खरी, पण चालवून तू घेत होतीस.

"हे सगळं परत कर," तू म्हणालीस.

"काय?"

"वर्गणी. घराघरात जाऊन परत कर. तू बैठकीत काय बोललीस ते मला कळलंय."

"अगं, गमतीत बोलले मी."

"यमुनाला गंमत कळली न्हाय."

मी भाकरी उलटत राहिले. म्हणाले, लोकांनी प्रेमानं दिलंय. एका यमुनाचं तिचं तिला परत करू, त्यात काय. तू म्हणालीस, "कुणी प्रेमानं दिलं न कुणी भ्यालं म्हणून दिलं, ते आता कसं निवडणार? तांदूळ हाईत का ते?" मी म्हणाले, मग प्रचार कशावर करणार? तू म्हणालीस, "बघते." मी चिडले. तुला सांगितलं की तू हे परत करायला लावलंस तर लोक मला विचारतील का परत केलं, आणि माझी गावात काय किंमत राहील? तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "तुझी किंमत राहील. मी बघते ते." तव्यावरची भाकरी करपली तेव्हा तू निघून गेली होतीस.

रविवारी ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात सभा होती. सगळ्यांसमोर तुला वर्गणी सुपूर्द करायची होती. मला आशा होती की तू ऐनवेळी हट्ट सोडशील, वर्गणी घेशील निमूट. तू माइकपाशी गेलीस आणि म्हणालीस, "लोकांनी वर्गणी काढली, मी सगळ्यांची आभारी हाय. पण मला ती नको. एवढ्याशा पैशात निवडणूक होत न्हाय. प्रचाराची माझी सोय दुसरीकडून झाली हाय. ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांना ते परत मिळंल."

दुसरी सोय कुठली, ते तिथंच कोपऱ्यात उभं होतं. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या मालकाची गाडी, तुझा फोटो लावलेली. त्याला गुरचरणातून समुद्राकडे रस्ता हवा होता आणि त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, हे पोराटोरांना माहीत होतं.

आता मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक म्हणजे मला खरंच लागलं. तू मला पायवाटेवर उभं राहून शिकवलंस, डिझेल कोण घालतो ते बघ, आणि तूच त्या गाडीत बसलीस. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले ते नाटक नव्हतं. ती गाडी तू का घेतलीस, पायी का नाही फिरलीस, हा माझा प्रश्न अजून आहे. तू समोर असतीस तर आत्ताही भांडले असते.

दुसरी गोष्ट अशी की वर्गणी तू का नाकारलीस हे त्या पटांगणात मला ठाऊक होतं. तुला आणि मला. आणि तरीही मी उठले. माइक नव्हता माझ्याकडे, पण तीस वर्षं वर्गावर ओरडलेला आवाज होता. मी म्हणाले, "सिस्टर, गरिबाचा रुपया तुम्हाला लहान वाटला का? ज्याच्या गाडीत बसाल त्याचंच ऐकाल, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आज तुम्ही आमचा विश्वास विकलात." तुला मी "तुम्ही" म्हणाले. "सिस्टर" म्हणाले.

टाळ्या वाजल्या. कुणी वाजवल्या ते मला दिसत होतं. माझ्या आळीतले ते सगळे, ज्यांना तू खुल्या जागेवर उभी राहिलेली पहिल्या दिवसापासून खुपत होतीस आणि तसं उघड बोलता येत नव्हतं. त्यांच्या तोंडात मी शब्द घातले. आता त्यांना कुणाची जात काढावी लागणार नव्हती. तत्त्वाची गोष्ट सांगता येणार होती.

तू माइकपाशीच होतीस. एक वाक्य पुरलं असतं तुला. "बाई बैठकीत काय म्हणाल्या ते विचारा त्यांनाच." माझं वाक्य कधी पुरं होऊ न देणारी तू, त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. मग पदर सारखा केलास आणि खाली बसलीस.

मी वर्गणी परत केली. घराघरात गेले, ताठ मानेनं. प्रत्येक दारात सांगितलं, "सिस्टरना नको म्हणे आपलं." तुला हवं होतं नेमकं तेच मी केलं, आणि तुझ्याविरुद्ध म्हणून केलं. यमुनाच्या दारात मात्र माझ्याच्यानं ते वाक्य बोलवलं नाही. तिच्या हातात दिलं आणि वळले.

तू पडलीस. थोडक्यात पडलीस. माझ्या आळीतून तुला मतं मिळाली नाहीत. माझं एक तरी होतं का, हे तू मला कधी विचारलं नाहीस. नव्हतं.

नवीन बॉडीनं सहा महिन्यांत दाखल्याचा विषय ग्रामसभेत आणला. तेव्हा कळलं की रिसॉर्टवाल्यानं गाड्या दोन्हीकडे दिल्या होत्या. सगळे माना खाली घालून बसले होते. तू एकटी उठलीस आणि म्हणालीस, "ह्या ठरावाला माझा विरोध हाय. लिहून घ्या." मागून कुणीतरी ओरडलं, "त्याच्याच गाडीत फिरलात ना सिस्टर!" लोक हसले. तू वळून म्हणालीस, "फिरले. चुकलं माझं. पण गुरचरण माझं न्हाय, तुमचं हाय. माझ्या चुकीपायी तुम्ही तुमचं कशाला घालवता?" मी दुसऱ्या रांगेत होते. तत्त्वाची बाई मी. हात वर करायचा होता फक्त. माझा हात मांडीवर होता, शकू, आणि मी त्याच्याकडे बघत बसले. ठराव मंजूर झाला. आता तिथून रस्ता जातो, डांबरी, छान आहे.

त्यानंतर एकदा रेशन दुकानात तू माझ्या पुढे होतीस. वळून म्हणालीस, "विमल, ये की कधी." मी म्हणाले, "बघू." तू माझ्या "बघू"चा अर्थ चांगला ओळखायचीस. पुन्हा म्हणाली नाहीस.

तुला पनवेलला दवाखान्यात ठेवलंय असं कळलं तेव्हा मी निघाले होते. खरंच निघाले होते. तुला आवडायची तशी कोकमं घेतली, सकाळच्या एसटीनं माणगावला गेले. तिथं पनवेलची गाडी लागलेली होती. दार उघडं होतं, जागा होती. तुझ्या खाटेपाशी जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी ठरवत उभी राहिले. माफी मागायची तर कशाची, ते नाव घेऊन सांगावं लागणार होतं. नुसतं "कशी आहेस" म्हणायचं तर तू माझ्याकडे बघितलं असतंस. कंडक्टरनं विचारलं, "बाई, येताय का?" मी मान हलवली. गाडी गेली आणि मी परतीच्या गाडीत बसले. घरी सांगितलं, भेटायची वेळ संपली होती.

पुढं तुला घरी आणलं, आणि मग ते एसटीच्या थांब्यावरचं.

परवा समाजमंदिरात तुझं पुण्यानुमोदन झालं. त्रिसरण, पंचशील झालं, आणि भावजींनी सांगितलं, "विमलताई दोन शब्द बोलतील." मी लिहून नेलं होतं. तुझी सेवा, तुझा हसरा स्वभाव, असलं सगळं. कागद उघडला आणि मला ते वाचता येईना. म्हसळ्याला चष्मा तसाच राहिला होता, हे एक कारण. मी कागद मिटला. समोर वाडीवरच्या बाया बसल्या होत्या, मागे माझ्या आळीतले काहीजण, उशिरा का होईना आलेले.

मी म्हणाले, "सिस्टरनं लोकांची वर्गणी नाकारली, म्हणून मी तिला भरसभेत बोलले होते. ती वर्गणी मी बायांना सहीची धमकी देऊन गोळा केली होती. शकूला ते कळलं होतं. म्हणून तिनं नाकारली. मला हे तेव्हाही माहीत होतं."

मला वाटलं होतं गलका होईल. कुणी उठून शिव्या देईल. त्याची तयारी होती माझी. खरं सांगायचं तर तेच हवं होतं. काहीच झालं नाही. मागच्या माणसांनी इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या बायांचे चेहरे होते तसेच राहिले. भावजींनी हळूच म्हटलं, "बसा विमलताई."

बाहेर आले तर यमुना पाण्याचा तांब्या घेऊन आली. "प्या बाय."

मी म्हणाले, "यमुना, माझं चुकलं गं."

"आमाला तवाच ठावं व्हतं," ती म्हणाली. "सगल्या वाडीला ठावं. आमी सभेत उठनारच व्हतो त्या दिवशी. सिस्टर आदल्या दिशी वाडीवर येऊन सांगून गेल्या, कुनी बोलायचं न्हाय. बाय तापट हाय, पन वाईट न्हाय. तिचं नाव गेलं तर तुमचे कागद कोन करंल, म्हनाल्या."

"आणि तुम्ही तीन वर्षं काही बोलला नाहीत?"

"सिस्टरनी सांगितलेलं ना." तिनं तांब्या परत घेतला. "तुमी सही केली माज्या अर्जावर. शिवणयंत्र आलं. मग कशाला बोलायचं?"

तीन वर्षं मी तुझ्यावर रुसून होते, शकू. वाडीवर गेले की बाया मला बसायला पाट द्यायच्या, चहा करायच्या, "बाय, बाय" करायच्या, आणि मला वाटायचं, बघा, खऱ्या माणसाला लोक कसे ओळखतात. त्या सगळ्या मला सांभाळून घेत होत्या. तू सांगितलं होतंस म्हणून.

तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तू माझी लाज झाकलीस, आणि ती उघडी पडली असती तर मी कदाचित तुझ्या दारात आले असते, हेही माझ्या मनात येतं. बघ, अजून तुझ्यावरच ढकलतेय.

काल ग्रामसंघाची बैठक होती. मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. कागद टेबलावर ठेवला आणि कुणीतरी "बाई, तुम्ही नका जाऊ" म्हणेल म्हणून जरा वेळ तिथं उभी राहिले. कुणी म्हणालं नाही. यमुनानं कागद उचलला, नीट वाचला आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

तुझी,
विमल